भरलेलं वजन

“मग सही करताय ना, उस्ताद?”

समरजित घाडगेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा म्हातारा नुसता हसला होता.

“करू की, साहेब. सहीला कितीसा वेळ लागतोय. वाचू तर द्या.”

‘साहेब’ म्हणाले. तेवढा एकच शब्द, पण समरजितला तो खटकला. सहा वर्षांपूर्वी याच पत्र्याच्या शेडमध्ये याच माणसानं त्याचं कोपर धरून हात सरळ केला होता, तेव्हा ‘पोरा’ म्हणत होता. सहायक पोलीस निरीक्षक झाल्यावरही पोराच. राज्याच्या नेमबाजी स्पर्धेत सुवर्णपदक आणलं, तेव्हा तर चारचौघांत कान धरून पोरा. आज साहेब.

बाबालाल मुलाणी हे उस्तादांचं नाव. जिल्हा पोलिसांत छत्तीस वर्षं त्यांनी हत्यारं दुरुस्त केली आणि नव्या भरतीला गोळी मारायला शिकवलं. हुद्दा हवालदाराच्या वर कधी सरकला नाही. पण पोलिसांत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि या जिल्ह्यात उस्ताद म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोरच येत नाही. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. आता घरी बसून शिलाई मशीन दुरुस्त करतात. तरी नवी भरती शिकवायची असली किंवा नवं हत्यार परीक्षेला आलं की मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, गाडी पाठवून त्यांना चांदमारीवर बोलावून घेतात.

चांदमारी म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान. एका टोकाला मातीचा बंधारा, दुसऱ्या टोकाला हे शेड, मधे नुसतं ऊन. दुपारचे अडीच वाजले होते.

टेबलावर हिरव्या कापडावर ते पिस्तूल पडलं होतं. खात्यानं घ्यायचं की नाही हे ठरवायला आलेलं. अंगानं काळं, निम्मं प्लॅस्टिकचं, हातात घेतलं तर हलकंफुलकं. जुन्या पिस्तुलाला मागच्या बाजूला घोडा असायचा. तो मागं ओढलेला दिसला की कुणालाही कळायचं, हे आता तयार आहे. याचा सगळा कारभार पोटात. आतल्या आत स्प्रिंगवर ताणलेली सुई, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. सेफ्टीचं वेगळं बटणही नाही. चापाच्या मधोमध एक छोटी जीभ असते. बोट नीट चापावर आलं की ती दबते, आणि मग गोळी सुटते.

समरजितनं चार दिवस त्याचा पिच्छा पुरवला होता. वाळूत पुरलं, चिखलात बुडवलं, आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत गोठवलं, छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकलं. दोन हजार गोळ्या मारल्या. एकदाही अडकलं नाही. एकदाही आपण होऊन सुटलं नाही.

पाचव्या दिवशी सुटलं.

आता झालं काय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे समरजितसारखं पोटात एक आणि ओठात एक ठेवून बसायची पाळी तुमच्यावर नको.

पाचवा दिवस म्हणजे कालचाच. परीक्षेच्या फॉर्ममध्ये वजनाचे दोन रकाने असतात, रिकामं वजन आणि भरलेलं वजन. भरलेलं वजन सरावाच्या गोळ्या घालून करायचं, असा इथला शिरस्ता. आत दारू नसलेल्या त्या गोळ्यांचा डबा शस्त्रागारात असतो. डबा आणायला मैदान ओलांडावं लागलं असतं. ऊन होतं. समरजित गेला नाही.

त्यानं खऱ्या गोळ्यांचं मॅगझिन घातलं. आणि मॅगझिन घातलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढून सोडायची, ही नेमबाजाच्या हाताची खोड. सोडली. मॅगझिनमधली वरची गोळी नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, जाऊन बसली. मग पिस्तूल काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. तेवढ्यात फोन आला. सुवर्णपदकाच्या सत्काराचा होता. फेटा बांधणार की टोपी घालणार, असं विचारत होते. बोलणं लांबलं. अहो, स्वतःच्या सत्काराचं बोलणं कुणाचं थोडक्यात आटोपतं?

फोन ठेवला तेव्हा मॅगझिन बाहेर दिसत होतं. म्हणजे पिस्तूल रिकामं, असं त्यानं धरलं. पुढचा रकाना होता, खोलणे. हे पिस्तूल खोलायचं तर आधी चाप ओढावा लागतो, त्याशिवाय स्लाइड निघतच नाही.

त्यानं चाप ओढला.

गोळी टेबलातून आरपार जाऊन फरशीत घुसली. टेबलाची एक ढलपी उडाली, ती पोलीस शिपाई वैजयंता खरातच्या डाव्या दंडात शिरली. ती समोर उभी राहून नोंदी घेत होती. चार टाके पडले.

माणसं धावत आली. उपअधीक्षकांनी विचारलं, “पिस्तूल कुणी दिलं होतं?” समरजितच्या तोंडातून निघून गेलं, “खरातनं दिलं, सर. रिकामं आहे म्हणाली.”

तसं ते खोटं नव्हतं. सकाळी दहा वाजता शस्त्रागारातून आणून तिनंच दिलं होतं, रिकामं आहे म्हणाली होती आणि ते रिकामंच होतं. पण उपअधीक्षकांनी दहा वाजताचं विचारलं नव्हतं, आणि ते समरजितला चांगलं ठाऊक होतं.

वैजयंताचा उमेदवारीचा काळ संपायला चार महिने राहिले होते. एवढ्यात ठपका बसला की सरळ घरी. आज चार वाजता मोठे साहेब तिला काढण्याच्या कागदावर सही करणार होते. त्याआधी परीक्षेच्या अहवालावर दोन परीक्षकांच्या सह्या हव्या होत्या. एक समरजितची झाली होती. दुसरीसाठी म्हातारा चष्मा नाकावर सरकवून एकेक ओळ वाचत होता.

जाळीतून बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर वैजयंता बसली होती, हात गळ्यात अडकवून. समरजितनं खुर्ची अशी फिरवून घेतली होती की तो बाक दिसू नये. तरी दिसतच होता.

“पिस्तूल पास केलंत,” उस्ताद म्हणाले.

“सगळ्यात उतरलं, उस्ताद. चांगलं आहे.”

“चांगलं आहे. मीही सकाळी बघितलं... आणि पोरीला नापास.”

“तिनं रिकामं म्हणून भरलेलं दिलं. मी काय करणार?”

उस्तादांनी पान उलटलं. परत मागं आले. रकान्यांवरून बोट फिरवत फिरवत एका आकड्यावर येऊन थांबले.

“भरलेलं वजन अकरा पाचला झालं.”

“हो.”

“कुणी केलं?”

“...मी.”

“आणि खोललंत अकरा वीसला.”

“हो.”

 उस्तादांचं बोट अकरा पाचवर तसंच राहिलं. नख तेलानं काळं झालेलं, टोकाला चपटं. समरजितनं नोंदवहीतून उतरवून घेताना वेळासुद्धा इमानदारीनं उतरवल्या होत्या. खोटं बोलायची सवय नव्हती त्याला. नवशिका होता, कुठं झाकायचं आणि कुठं उघडं पडतं, हे समजत नव्हतं.

इथं थांबला असता तरी निभावलं असतं. पण लाज वाटली की माणूस थांबत नाही, आणखी खोल जातो.

“मी फोनवर होतो मधे,” तो म्हणाला. “दहा मिनिटं माझं लक्ष नव्हतं. तेवढ्यात हिनंच काहीतरी हाताळलं असणार. आणि मग माझ्या हातात दिलं.”

...

“असेल,” उस्ताद म्हणाले.

आपलाच आवाज कानात घुमत राहावा, तसं समरजितला झालं. हे वाक्य अहवालातही नव्हतं. आत्ता, या क्षणी, उस्तादांच्या तोंडावर त्यानं नवं कोरं बनवलं होतं.

उस्तादांनी पिस्तूल उचललं. तोंड बंधाऱ्याकडं. स्लाइड मागं ओढली, आत बघितलं, करंगळी चेंबरमध्ये घालून चाचपलं. मग स्लाइड सोडून दिली आणि मूठ समरजितकडं केली.

“मला या वयात नवं काही जमत नाही. जरा खोलून दाखवा, साहेब. रिकामं आहे.”

समरजितनं घेतलं. स्लाइड ओढली, बघितलं, सोडली. बोट चापाकडं नेलं... आणि नेता नेता परत आणलं. पुन्हा स्लाइड ओढली. या वेळी करंगळी घातली. सोडली.  तिसऱ्यांदा ओढली.

“रिकामं आहे म्हणालो की मी.”

“हो, उस्ताद. पण...”

“माझ्यावर भरवसा नाही?”

“तसं कसं म्हणता? तुम्हीच शिकवलंत. देणाऱ्यानं सांगायचं, घेणाऱ्यानं ऐकायचं नाही. स्वतः बघायचं.”

वर्गात उत्तर आलेल्या विद्यार्थ्यासारखं त्यानं घडाघडा म्हटलं. आणि म्हणून झाल्यावर मग ते त्याला ऐकू आलं.

...

उस्ताद बंधाऱ्याकडं बघत होते.  रागावले असते तर बरं झालं असतं. भरतीत असताना एकदा त्यांनी भर उन्हात तासभर रायफल डोक्यावर धरून पळवलं होतं, तेव्हाही इतका जीव गेला नव्हता.

“माझंही चुकलं थोडं,” समरजित म्हणाला. “बघायला हवं होतं मी. पण भरलेलं होतं, उस्ताद. ते तर खरं ना? कुणीतरी भरलं म्हणूनच...”

“कुणीतरी,” उस्ताद म्हणाले. मग जाळीकडं तोंड करून हाक मारली, “पोरी, आत ये जरा.”

 तिला कशाला, असं म्हणायला समरजितनं तोंड उघडलं, पण ती दारात येऊन उभी राहिली होती.

वैजयंता आत आली. सवयीनं टाचा जुळवल्या. दोघांनाही सलाम केला, पण समरजितच्या तोंडाकडं बघितलं नाही. तिनं रागानं टाळलं असं नव्हतं. साहेबांना अवघडल्यासारखं होऊ नये, एवढीच तिची काळजी दिसत होती, आणि तेच त्याला फार लागलं.

“दुखतंय?” उस्तादांनी विचारलं.

“थोडं.”

“हे साहेबांना दे. काल सकाळी दिलंस तसंच.”

तिनं गळ्यातली पट्टी सोडवली. डावा हात बाहेर काढला. स्लाइड मागं ओढायला दोन्ही हात लागतात. तिनं ओढली, तेव्हा ओठ दाताखाली गेला. आत बघितलं. करंगळी घालून बघितलं. स्लाइड मागंच अडकवून ठेवली, तोंड बंधाऱ्याकडं केलं आणि पिस्तूल समरजितपुढं धरलं.

“रिकामं आहे, सर.”

समरजितनं उठून मूठ धरली. पण तिनं सोडलं नाही.

हाही इथलाच शिरस्ता. घेणाऱ्यानं आत बघेपर्यंत देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले लोक याला हसतात, इथली पोरं हसत नाहीत. समरजितला आता ते आठवलं. काल दहा वाजताही तिनं असंच धरून ठेवलं होतं. तेव्हा त्यानं एक नजर टाकल्यासारखं केलं होतं आणि म्हणाला होता, “सोड गं, मी काय नवा आहे का?”

आज तो बघत नव्हता. मान खाली, नजर टेबलाच्या त्या भोकावर.

 तिच्या दंडावरच्या पट्टीतून एक लाल ठिपका वर आला. मोठा होत गेला.

“सोड,” तो म्हणाला. 

“आधी बघा, सर.”

“सोड, वैजयंता. दुखतंय तुला.”

“बघा ना, सर. मग सोडते.”

...

त्यानं बघितलं. चेंबर मोकळं होतं. त्याच्या पलीकडं तिची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली. तिनं हात सोडला आणि एक पाऊल मागं सरली.

“मी भरलं होतं,” समरजित म्हणाला.

वैजयंतानं आता कुठं त्याच्याकडं बघितलं.

“वजन करताना. डबा आणायला गेलो नाही. स्लाइड मीच सोडली. मॅगझिन काढलं आणि गोळी आत राहिली, ती विसरलो.”

“माहीत आहे, सर,” वैजयंता म्हणाली.

तो बघतच राहिला. “माहीत होतं?”

“मी समोरच होते ना. स्लाइड सोडल्याचा आवाज आला होता. तुम्ही फोन ठेवल्यावर आधी ती गोळी काढाल असं वाटलं. मी सांगणारच होते, तेवढ्यात...” तिनं दंडाकडं बघितलं.

“मग नंतर बोलली का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही, सर. सगळ्यांनी तुम्हाला विचारलं.”

 समरजित खुर्चीत बसला. पिस्तूल हिरव्या कापडावर ठेवलं.

“आणि मला वाटलं तुम्ही सांगाल,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, झालं ते सांगत होती. “दवाखान्यात असताना वाटलं, संध्याकाळपर्यंत सांगतील. संध्याकाळी वाटलं, रागाच्या भरात नको म्हणून सकाळी सांगतील. सकाळी घरच्यांनाही तसंच सांगून आले. म्हटलं, घाडगे सर आहेत, ते काय असं ठेवणार नाहीत.”

समरजितनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुवर्णपदकवाला, ज्याच्या सरळ हाताचं नव्या भरतीला उदाहरण देतात, तो आपल्या कनिष्ठ शिपायासमोर तोंड झाकून बसला होता, आणि ती पोरगी पाणी आणू का म्हणून उस्तादांकडं बघत होती. त्याला वाटलं, हिनं शिव्या घालाव्यात. सगळ्या जिल्ह्यानं घालाव्यात. पण आपल्याबद्दल एवढं चांगलं कुणी धरून बसलं होतं, आणि आपण त्या वेळात फेटा की टोपी ठरवत होतो, हे कुणी ऐकवू नये.

...

“बस, पोरा, सावकाश,” उस्ताद म्हणाले. “घाई नाही. चार वाजायला अजून तास आहे.”



“उस्ताद,” समरजित हातांआडूनच म्हणाला, “तुमच्या हातून कधी असं झालं?”

“झालं.”

त्यानं हात खाली घेतले. उस्तादांच्या हातून गोळी सुटली, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी खरं मानलं नसतं.

उस्तादांनी बोट वर केलं. छताच्या पत्र्यावर डांबराचा एक काळा डाग होता, रुपयाएवढा. समरजितनं सहा वर्षं तो बघितला होता. गळत असेल म्हणून लावलं असेल, असं वाटायचं.

“एक्केचाळीस वर्षं झाली. जुनं रिव्हॉल्व्हर पुसत होतो. रिकामंच आहे म्हणून.”

“मग काय सांगितलंत?”

“कुणाला? चांदमारीवर गोळीचा आवाज रोजचाच. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुपारी शिडी लावली आणि डांबर फासलं.”

“...नंतर?”

“नंतर करंगळीचा नियम काढला. देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा. लोक म्हणायला लागले, मुलाणी फार काटेकोर माणूस.”  उस्तादांचाही चेहरा उतरला होता. “बायकोलाही बोललो नव्हतो कधी. आज तुम्हा दोघांना सांगितलं.”

वैजयंतानं पत्र्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. दुसऱ्याचं पत्र चुकून वाचलं जावं तशी.

समरजितनं अहवाल पुढं ओढला. पेन उघडलं आणि वैजयंतावर ठपका ठेवणारी ओळ खोडायला गेला.

“खाडाखोड नको,” उस्ताद म्हणाले. “नवा कागद घे.”

त्यानं नवा कागद घेतला. पहिली ओळ लिहिली तीच मुळी ‘असे निदर्शनास आले की’ अशी. लिहिल्यावर थांबला. सरकारी भाषेत किती आडोसे असतात, ते त्याला पहिल्यांदा दिसलं. तोही कागद बाजूला सारला. तिसऱ्यावर लिहिलं, ‘भरलेल्या वजनासाठी मी खऱ्या गोळ्या वापरल्या. चेंबरमध्ये गोळी मी भरली. मी विसरलो. चेंबर न बघता मी चाप ओढला. पोलीस शिपाई खरात यांनी सकाळी पिस्तूल रिकामे दिले होते व तसे दाखवले होते. काल मी उपअधीक्षकांना खोटे सांगितले.’ खाली सही केली. सही नेहमीची लफ्फेदार झाली नाही, शाळेतल्या पोरासारखी अक्षर अक्षर सुटी आली.

“पिस्तुलाचं काय लिहू?” त्यानं विचारलं.

“पास. पण एक लिही, तांबड्या शाईनं. खोलायचं तर याचा चाप ओढावा लागतो आणि गोळी आत आहे की नाही हे बाहेरून चटकन कळत नाही. सगळ्यांना आधी ते शिकवा, मगच वाटा. वापरणारी माणसं आपल्यासारखीच असणार.”

आपल्यासारखी म्हणाले. समरजितनं ते दुसऱ्या कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं.

उस्तादांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. एकेक अक्षर. मग खाली सही केली, ‘बाबालाल मुलाणी, निवृत्त’ अशी, आणि कागद त्याच्या हातात दिले.

चारला वीस मिनिटं होती. मोठ्या साहेबांची कचेरी मैदानापलीकडं. मधे कवायतीचं पथक उभं होतं, साठसत्तर जण. त्यांतले निम्मे समरजितच्याच हाताखाली शिकलेले. कचेरीत उपअधीक्षक असणार, लेखनिक असणार, बाहेरच्या बाकावर आणखी कुणी कुणी असणार. कालचं खोटं त्या सगळ्यांच्या देखत बोललेलं, तेव्हा आजचंही त्यांच्या देखतच बोलावं लागणार होतं. समरजित उठला, टोपी घातली, पट्टा सारखा केला. दारापर्यंत गेला आणि दारात अडला. पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

उस्ताद आत आले की मोठे साहेब स्वतः खुर्चीतून उठतात, हे त्याला माहीत होतं. चहा मागवतात, तब्येतीची चौकशी करतात. उस्तादांच्या समोर आवाज चढवायची तिथं कुणाची प्राज्ञा नाही. हवालदाराच्या पुढं अधीक्षक हात जोडतात, असा तो माणूस.

“उस्ताद...” तो म्हणाला.

“हं.”

“तुम्हीही चला ना माझ्याबरोबर.”

उस्तादांनी वैजयंताकडं बघितलं. ती गळ्यातली पट्टी पुन्हा बांधत होती, एका हातानं गाठ बसत नव्हती. त्यांनी उठून गाठ मारून दिली.

“हिला ने,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही?”

म्हातारा परत आपल्या जागी जाऊन बसला.

“मी आलो तर सगळे माझ्याकडं बघतील.”